पाय हलवायचा नाही

सोमवार, १८ नोव्हेंबर १९९६

सकाळी उमाला खोकल्यातून रक्त पडलं. बारीक रेघ नव्हे – पितळेची वाटी निम्मी भरली. मोरीपाशी भिंतीला हात टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "काही नाही नाना, थांबेल." रक्त पडतंय आणि सून सासऱ्याला धीर देतेय.

दोन वर्षांपूर्वी तिला टीबी झाला होता. गोळ्यांचा सगळा कोर्स केला, एक दिवस चुकवला नाही. बरी झाली म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. मग हे कुठून उगवलं?

मुलगा गुरुदत्त पहिल्या पाळीला आनंदनगरला फॅक्टरीत गेलेला. खालच्या मजल्यावरच्या हासानंदने आपला टेम्पो काढला. जीन्सचे गठ्ठे भराभर उतरवले आणि तिथे गोधडी टाकून उमाला झोपवलं. "नाना, टेंशन मत लो, साईं बैठा है," म्हणत राहिला आणि कॅम्प चार या आमच्या वस्तीच्या खड्ड्यांतून असा चालवला की पेल्यातलं पाणी हिंदकळू नये. नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त जरा थोपवलं आणि म्हणाले, "मुंबईला न्या. याची सोय तिथेच."

बायको, सरस्वती, चाळीत सगळ्यांना सांगते आहे – न्युमोनिया. तसं सांग म्हणून मीच सांगितलं. टीबी म्हटलं की लोक सुनेच्या हातचं पाणी पीत नाहीत.

बुधवार, २० नोव्हेंबर

मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात उमाला ठेवलं आहे. बायकांचा वॉर्ड. सरस्वती तिच्याजवळ राहते, मी आणि गुरुदत्त जाऊनयेऊन.

एक डॉक्टरीणबाई आहेत – वृंदा नाव. आमच्या गुरुदत्तहून लहानच असतील. पण बोलणं कसं, धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. म्हणाल्या, टीबी गेला, पण जाताना फुप्फुसात खड्डा करून गेला. त्या खड्ड्याभोवती रक्ताच्या नसा नको तितक्या जाड होतात. त्यातली एक फुटली की रक्त. औषधाने थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर ती नस आतूनच बंद करायची. छाती फाडायची नाही. जांघेत टोचून केसासारखी बारीक नळी वर छातीपर्यंत न्यायची आणि त्या नसेत बारीक कण सोडून बूच मारायचं. शब्द विचारून घेतला – एम्बोलायझेशन. घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होतो.

बाई हे सगळं उमाला सांगायला निघाल्या होत्या. खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसल्यासुद्धा. मीच पुढे झालो. म्हटलं, "डॉक्टर, तिला नका सांगू, पोर घाबरेल. मला सांगा, मी तिला समजेल असं सांगतो."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही मेडिकलमधले का?"

म्हटलं, "नाही हो. काडेपेटीच्या कारखान्यात होतो अंबरनाथला. पण वाचतो."

खोटं नाही ते. चौथीपर्यंत शाळा, पुढचं सगळं रद्दीच्या कागदांवर. औषधाच्या खोक्यातला तो घडीचा कागद असतो ना, बारीक अक्षरांचा – चाळीत तो वाचायला सगळे माझ्याकडे येतात. हासानंदसुद्धा येतो. "नाना, अंदर क्या लिखा है, बताओ तो." मी चष्मा पुसतो, वाचतो, सांगतो. घाबरवणारं असेल ते गाळून सांगतो. लोकांना बरं वाटतं. मलाही.

बाई मला घेऊन व्हरांड्यात आल्या. उमा आमच्याकडे बघत होती.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

रात्रभर थांबून थांबून रक्त. उद्या एम्बोलायझेशन करायचं ठरलं.

बाईंनी उमाला विचारलं, एक्सरे खूप वेळ चालतो, म्हणून विचारते – दिवस गेलेले नाहीत ना? पाळी कधी आली होती? मी तिथेच उभा होतो. उमाने मान खाली घातली. बाईंनी परत विचारलं. ती चादरीचा दोरा ओढत राहिली. आणि मी – काय बोललो ते लिहायलाही लाज वाटते – मी म्हणालो, "नाही नाही, तसं काही नाही."

मला काय ठाऊक? मी बाहेर जायला हवं होतं, बस. बाईंनी मला बाहेर काढलं आणि मग तिला विचारलं.

कागदावर सही करायची होती. उमा दहावी शिकलेली. म्हणाली, "वाचू का जरा?" म्हटलं, "मी वाचलंय बाळ, फोटो काढण्यासारखंच आहे. कर सही." तिने केली.

व्हरांड्यात बाईंनी मला जे जे सांगितलं ते तिच्यापर्यंत पोचवायचं म्हणून अंगावर घेतलं होतं. शेवटी बजावलं होतं, "सगळ्यात महत्त्वाचं, झाल्यावर उजवा पाय सरळ ठेवायचा. संध्याकाळपर्यंत हलवायचा नाही, बसायचं नाही. तिला आधीच सांगून ठेवा." म्हटलं, हो.

सांगितलं नाही. संध्याकाळी ती जरा हसली होती, सरस्वतीशी बोलत होती. म्हटलं उद्या सांगू.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

झालं. नस बंद झाली. रक्त थांबलं.

दुपारी वॉर्डात जरा गडबड झाली. आता ठीक आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

"जरा गडबड" असं लिहून दोन दिवस मोकळा झालो. पान उघडलं की तेच दोन शब्द दिसतात. ही वही कुणी वाचत नाही, मग इथे कुणापासून लपवतोय?

झालं ते असं. उमाला मशीनच्या खोलीतून परत वॉर्डात आणलं होतं. जांघेवर वाळूची पिशवी, पाय सरळ, अंगात हॉस्पिटलचा गुडघ्यापर्यंतचा झगा. सरस्वती खाली चहा प्यायला गेली होती. भेटीची वेळ झाली नव्हती, पण वॉचमनला म्हटलं माझी मुलगी आहे आत, आणि शिरलो.

तिने मला दारात पाहिलं. मी खाटेकडे आलो तसा तिने एकदम पाय आखडून घेतला. सासऱ्याच्या दिशेला पाय, तेही उघडे – असं कसं पडून राहणार? एका हाताने चादर ओढली, दुसऱ्याने कोपर टेकून उठायला लागली. वाळूची पिशवी धप्पकन खाली.

मी म्हणालो, "असू दे, असू दे."

हे दोन शब्द. "हलू नकोस" नाही, "पाय सरळ कर" नाही. मला सगळं माहीत होतं, व्हरांड्यात उभं राहून ऐकलं होतं. पण ती उठायला लागली तेव्हा मला – खरं लिहितो – बरंच वाटलं. एवढ्या दुखण्यात पोरीने आब राखला असं वाटलं. डोकं त्या बरं वाटण्यातच अडकलं.

मग ती म्हणाली, "नाना, गरम लागतंय काहीतरी. ओलं."

चादर लाल झाली. नर्स धावत आली, मूठ आवळून जांघेवर दाबून धरली, ओरडली. वृंदाबाई आल्या. पाऊण तास एकीमागून एक दाबत होत्या. मांडी बघता बघता सुजली. रक्ताची बाटली लावावी लागली. मी भिंतीशी उभा. सरस्वती चहाचा ग्लास घेऊन दारात.

थांबलं तेव्हा बाई घामाने भिजल्या होत्या. माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगितलं होतं ना हिला?"

मी म्हणालो, "हो, सांगितलं होतं. विसरली असेल."

विसरली असेल!

बाई उमाकडे वळल्या. "तुला माहीत होतं ना, पाय हलवायचा नाही?"

उमा पांढरीफटक पडली होती. ओठ सुकलेले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो."

"मग का हलवलास?"

तिने चादर पायांवर ओढून घेतली.

माझ्यासाठी खोटं बोलली ती. तोंडचं पाणी पळालं होतं तिच्या, तरी सासऱ्याची अब्रू झाकली. आणि मी ती झाकू दिली.

बुधवार, २७ नोव्हेंबर

उमाच्या छातीत दुखतं, ताप आहे, घास गिळताना अडकतो. बाई म्हणाल्या, नस बंद केल्यावर चार-सहा दिवस असं होतंच, हेही सांगितलं होतं मी तुम्हाला. हो, सांगितलं होतं. उमाला वाटलं की आजार उलटला. दोन रात्री ती रडत होती म्हणे, सरस्वतीला सुद्धा कळू न देता. शेजारच्या खाटेवरच्या बाईने सांगितलं.

एक वाक्य बोललो असतो तर तिच्या दोन रात्री वाचल्या असत्या.

मंगळवार, ३ डिसेंबर

घरी आली. मांडी गुडघ्यापर्यंत जांभळी आहे असं सरस्वती म्हणते. चालते, पण पाय जपून.

गॅलरीतून आत गेलो तर ती पाटावर बसून भाजी निवडत होती. मला बघून उठली. दुखऱ्या पायावर. "बस गं," म्हटलं. म्हटलं खरं, पण ती उठून झाल्यावर. चार वर्षं मी असाच "बस गं" म्हणत आलोय – नेहमी ती उठून झाल्यावर.

गुरुवार, १२ डिसेंबर

हासानंद बायकोच्या गोळ्यांचा कागद घेऊन आला. "नाना, पढ़ो."

म्हटलं, "भाभी को बुलाओ."

"अरे उसको क्या समझेगा?"

"दवा कौन खाता है? तुम या वो?"

तो हसला. "आज नाना का मूड खराब है." पण गेला, बोलावून आणली. ती दाराच्या आड उभी राहिली. मी कागद वाचला. चक्कर येऊ शकते तेही वाचलं, पोटात आग पडू शकते तेही. काही गाळलं नाही. तिने आतून विचारलं, "खाली पेट लेनी है कि खाके?" हासानंदला हे विचारायचं सुचलं नसतं.

तो जाताना म्हणाला, "अब वो रात भर मुझे बोलेगी, चक्कर आया, चक्कर आया."

मंगळवार, १४ जानेवारी १९९७

संक्रांत. उमाने तीळगूळ दिला आणि वाकली. मी पाय मागे घेतले. काय करावं सुचेना म्हणून घेतले. ती वाकलेलीच राहिली, हात जमिनीवर. मग उठली, आत गेली.

सरस्वती म्हणाली, "अहो, पाय काय सोन्याचे झालेत? पोरीला वाटलं तुम्ही रागावलात."

"रागावलो नाही."

"मग सांगा तिला तसं."

हेच तर येत नाही. सगळ्या चाळीला औषधं समजावून सांगणारा माणूस घरातल्या सुनेशी सरळ चार वाक्यं बोलू शकत नाही. आजवर आमचं बोलणं म्हणजे चहा ठेवू का, पेपर आला का, पाणी गेलं का.

शनिवार, १ फेब्रुवारी

उमा बरी आहे. बदलापूरला माहेरी चार दिवस राहून आली. गालावर रंग आलाय. मला वाटतं पार पडलं सगळं. म्हणजे मीही सुटलो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

परत रक्त. चमचाभर. रक्ताचा रुमाल गुंडाळून लपवला होता, सरस्वतीला धुणं काढताना सापडला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मुंबईला दाखवलं. फोटो काढले. वृंदाबाई म्हणाल्या, पहिली नस बंदच आहे, पण शेजारची दुसरी जाड झाली आहे. खड्डा तिथेच आहे ना – तो रक्त मागणारच. हा कायमचा इलाज नव्हे हे मी आधीच म्हटलं होतं. परत नळी घालून ही पण बंद करू. थांबू नका. मोठं रक्त आलं तर छातीत भरून गुदमरायला वेळ लागत नाही.

उमा म्हणाली, "मला नाही करायचं."

बाई म्हणाल्या, "का?"

"नको."

उंबऱ्यासारखी बसून राहिली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

गुरुदत्त घरात आवाज चढवून बोलला. "मरायचंय का तुला? साला दिमाग का दही कर रखा है. डॉक्टर सांगतात कर, ही म्हणते नको."

उमा म्हणाली, "ओरडू नका, खाली ऐकू जातं."

"ऐकू दे."

सरस्वतीने त्याला बाहेर काढलं. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही का गप्प? एरवी तर तुम्हीच बोलता सगळं."

मी गप्प, कारण मला कारण माहीत आहे. एकदा तिला अंधारात टेबलावर चढवलं. काय करणार आहेत, किती दुखणार आहे, नंतर काय होणार आहे – काही सांगितलं नाही. मग रक्त गेलं, मांडी काळीनिळी झाली, दोन रात्री रडली. आता ती कशी येईल? माझ्यावर विश्वास कसा ठेवील? तिच्या नकाराला मीच कारण आहे. आणि नकार म्हणजे तिच्या जिवाशी खेळ.

आज सकाळी परत चमचाभर.

रविवार, २ मार्च

आज तिला सगळं सांगितलं.

दोन दिवस मनाशी जुळवत होतो. परवा वृंदाबाईंना गाठून परत सगळं विचारून आलो. या वेळी प्रश्न मी विचारले, आणि एकही उत्तर आपल्यापाशी ठेवायचं नाही असं ठरवून विचारले.

सरस्वती देवळात गेली होती, गुरुदत्त पाळीवर. उमा ओट्याशी भांडी घासत होती. म्हटलं, "उमा, हात धुऊन ये. बस." ती आली, उभी राहिली. मी स्वयंपाकघरातला स्टूल ओढून दिला. "बस आधी. मग बोलतो." बसली. स्टुलाच्या कडेवर, पडेल की काय अशी. मी समोर जमिनीवर बसलो. त्यावर ती उठायला लागली. म्हटलं, "नाही. बस. आज ऐक."

म्हटलं, तुला झोपवणार नाहीत, जागीच असशील. जांघेपुरतं बधिर करतील, ते इंजेक्शन मुंगळा चावल्यासारखं लागेल. मग नळी आत जाते ती फार कळत नाही, नुसतं कुणी दाबतंय असं वाटतं. ते टीव्हीसारख्या पडद्यावर तुझ्याच नसा बघतील. नसा दिसाव्यात म्हणून एक औषध सोडतात, तेव्हा अंग गरम होतं – छाती, तोंड, कधी खालपर्यंत. लघवी झाली की काय असं वाटतं. होत नाही. मागे वाटलं होतं?

ती हळूच म्हणाली, "हो. मला वाटलं मी... लाज वाटली फार."

म्हटलं, त्याची लाज नको. सगळ्यांना होतं. त्या औषधाने कधी अंगावर पित्त उठतं, खाज सुटते, श्वास लागतो. मागे असं काही झालं असेल तर आधी सांगायचं, सुरू असताना झालं तर तेव्हाच ओरडायचं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर सांगायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर सांगायचं. दिवस गेले असतील, नुसता संशय असेल, तर सांगायचं. आणि ते सांगताना मी खोलीत नसेन.

ती खाली बघत होती, पण ऐकत होती.

म्हटलं, आदल्या रात्रीनंतर खायचं नाही. झाल्यावर छातीत दुखेल, ताप येईल, घास अडकेल – हे आजार उलटला म्हणून नव्हे. जिथली नस बंद झाली तिथलं अंग कुरकुर करतं. कमी होतं आपोआप. पण झाल्या-झाल्या तुझ्या पायात मुंग्या आल्या, पाय उचलेनासा झाला, थंड पडला, तर तेव्हाच नर्सला हाक मारायची. संकोच करायचा नाही.

ती म्हणाली, "पाय का उचलेनासा होईल?"

हाच प्रश्न येणार हे माहीत होतं. इथेच मागच्या वेळी मी पळालो होतो. म्हटलं, छातीतल्या त्या नसेची एक बारीक फांदी कधीकधी पाठीच्या मज्जारज्जूला जाते. कण चुकून तिच्यात गेले तर पायांतली ताकद जाऊ शकते. क्वचित होतं. ते टाळायलाच ते आधी पडद्यावर नीट बघतात, फांदी दिसली तर तिथे कण सोडतच नाहीत. पण होऊच शकत नाही असं नाही.

नळ ठिबकत होता.

"तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं, नाना?"

"हो."

"आणि परत रक्त येऊ शकतं, हेही?"

"हो. तेही सांगितलं होतं बाईंनी. मी तुला फोटो म्हणालो."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, आणि नाही केलं तर काय, तेही ऐक. औषधावर थांबलं तर थांबेल. नाही थांबलं तर एखाद्या दिवशी वाटी भरणार नाही, घसा भरेल. तेव्हा टेम्पो काढायलाही वेळ राहणार नाही. मला वाटतं तू करावंस. पण पाय तुझा, छाती तुझी. तू ठरव. नको म्हणालीस तर गुरुदत्तला मी बघतो.

मग जे तीन महिने घशात अडकलं होतं तेही बोललो. म्हटलं, "त्या दिवशी डॉक्टरांपुढे तू हो म्हणालीस. माझ्यावर येऊ नये म्हणून. मी सांगितलंच नव्हतं तुला. चूक माझी, आणि बोलणी तू खाल्लीस."

उमाने वर बघितलं. पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं असेल तिने. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग सरस्वतीच्या चपला वाजल्या, आणि ती स्टुलावरून उठली.

"उद्या सांगते," म्हणाली.

सोमवार, ३ मार्च

उमा म्हणाली, "जाते मी. पण नाना, मी तुमच्यासाठी खोटं नव्हते बोलले. पाय हलवायचा नाही हे बाईंनी मला टेबलावरच सांगितलं होतं, दोनदा. मला माहीत होतं. तुम्ही दारात दिसलात आणि पाय आपोआप आत गेला. परत आलात तर परत जाईल. म्हणून नको म्हणत होते. तुम्ही येऊ नका."

हे सगळं ती उभ्यानेच बोलली. मी खाटेवर बसलो होतो.

"नाही येणार," म्हटलं आणि उठून बाहेर गॅलरीत गेलो. थोड्या वेळाने आतून खाट करकरली. ती बसली.